किती किलो?

एका बाईची झडती घ्यायला मला पंधरा-वीस सेकंद लागत. आधी पदर झटकायचा. मग अंबाड्यात बोटं घालायची. मग काखा, कंबर, निऱ्या. डब्याचं झाकण उघडून बघायचं, चपला उलट्या करायच्या. नवीन बाई लाजते, तिला वेळ लागतो. जुनी बाई स्वतःच हात वर करून उभी राहते आणि मागच्या बाईशी भाजीचं बोलत राहते. भोंगा झाल्यावर साठ बाया मी वीस मिनिटांत मोकळ्या करायची.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलच्या गेटवर हे काम मी बावीस वर्षं केलं. आता तिथे कॅमेरे आहेत आणि डाळ निवडायला मशीन आहे. साठ बायांच्या जागी आठ उरल्या. झडतीवालीचं काम संपलं आणि मी घरी आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात. बाकी काही सुधारू नये.

हे लिहायला कारण झालं ते असं. माझी धाकटी सून धुळ्याला एका पतसंस्थेत नोकरी करते. तिला सातवा महिना लागला आहे. मागच्या रविवारी घरी आली तेव्हा ऑफिसातल्या गमती सांगत होती. साहेब म्हणतात, मॅडम, खुर्ची बदलून देऊ का, ही पुरेल असं वाटत नाही. एक ग्राहक म्हणाला, जुळी दिसतात. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तुझी मजा आहे बाई, सहा महिने घरी झोपायचं आणि तुझं काम आम्ही उपसायचं. हे सगळं सून हसत सांगत होती. मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार आई? हसले."

मला माझी मिल आठवली. तिथेही सगळ्या हसायच्या.

डाळ मिलमध्ये काय चालतं ते थोडं सांगते. तूर गोण्यांतून येते. ती चाळतात, मशीनवर तिचं साल ओरबाडतात, तेल-पाणी लावून गच्चीवर उन्हात वाळवतात आणि पुन्हा मशीनवर घालतात. तेव्हा कुठे डाळ फुटते. गच्चीवर तूर पसरणं, पायाने उलटीपालटी करणं, आणि शेवटी सुपात डाळ घेऊन खडे नि काळे दाणे निवडणं हे बायांचं काम. धूळ इतकी की संध्याकाळी पापण्या पिवळ्या दिसत. म्हणून सगळ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालत. त्या शर्टाखाली सहाव्या महिन्यापर्यंत पोट झाकून जातं. झाकावंच लागे. कारण पोट दिसायला लागलं की मुकादम म्हणे, आता घरी बस, बाळंत झालीस की ये, जागा असली तर घेऊ. जागा कधी नसायची. बाळंतपणाची पगारी रजा असते, तसं लिहिलेला फळा मिलच्या भिंतीवर होता. तो इंग्रजीत होता आणि त्याच्यापुढे बारदानाची थप्पी होती. तसंही आमच्या बाया मुकादमाने आणलेल्या, मिलच्या कागदावर नाहीत.

पोट झाकून ठेवलं तरी कधीतरी दिसतंच. मग सुरू व्हायचं. मुनीम म्हणायचा, "बाई, हजेरी एक लावू की दोन?" टेम्पोवाला म्हणायचा, "हिला मागे बसवू नका, गाडी उलटेल." मुकादम तर फार वाईट. "मागच्या साली पोट, यंदा पोट. तुमच्या गावाला लाईट रोजच जाते का?" बायाही कमी नाहीत. "चाल जड शे, पोरच व्हई." म्हणजे मुलगीच होणार. हे ज्या बाईला दोन मुली आधीच आहेत तिला मुद्दाम ऐकवायचं. मी स्वतः गच्चीवर काम करत होते तेव्हा माझ्या दुसऱ्या वेळी एक हमाल रोज म्हणायचा, "वहिनी, ती गोणी उतरवा ना आता, किती दिवस वाहताय?" मी रोज हसायची. न हसणारी बाई तोंडाळ ठरते, आणि तोंडाळ बाईला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. माझा नवरा त्याच मिलमध्ये हमाल होता. पुढे तो गोणीसकट फळीवरून पडला, पाठ गेली, तो कायमचा खाटेवर. तेव्हा शेठने मला गेटवर घेतलं. उपकार म्हणून दिलं, मी उपकार म्हणून घेतलं.

गेटवरच्या बाईला कोणी मैत्रीण नसते. डबा मी एकटीच खायची.

आता केसरची गोष्ट. केसर निवडायला यायची, बोलायला गोड. तिला पाचवा लागला असं तिनेच सगळ्यांना सांगितलं. गरोदर बाईच्या पोटाला मी तेव्हा हात लावत नसे. बाकी झडती घ्यायची आणि सोडून द्यायची. केसरचं पोट वाढत गेलं. कोणी म्हणे जुळी, कोणी म्हणे पोरगा. मला मात्र एक गोष्ट खटकायची. भरल्या पोटाची बाई जमिनीवरून उठताना एक हात जमिनीला टेकते. केसर डबा आणि चपला दोन्ही हातांत घेऊन टणकन उठायची. आणि पोट सकाळी येताना शर्टाखाली सैल असे, संध्याकाळी जाताना ताठ. एके दिवशी मी तिच्या पोटाला हात लावला. आत दाणे सरकले.

जुन्या पातळाची शिवलेली पिशवी होती, कमरेला नाडीने बांधलेली. मी ती ओढून काढली, तेव्हा केसर म्हणाली, "देखा ना अक्का, पोऱ्या शे का पोर?"

सगळी रांग हसली. मीही हसले, आणि पिशवी हातावर तोलत म्हटलं, "हे विचारू नको. किती किलो ते सांग."

केसर कामावरून गेली. माझं बोलणं राहिलं. मुनीमला ते फार आवडलं. त्याने शेठला सांगितलं, शेठने हमालांना. तेव्हापासून त्या मिलमध्ये कुठल्याही बाईचं पोट दिसलं की हमाल, मुनीम, टेम्पोवाला, चहावाला, सगळे एकच विचारत. किती किलो? नियमही झाला. पोट असो नसो, प्रत्येकीचं दाबून बघायचं. मी बघायची, आणि बघताना मीही विचारायची. मला वाटायचं, विचारलं की बाईला कमी लाज वाटते. खरं म्हणजे मला कमी लाज वाटायची.

रेखा धरणगावकडच्या एका खेड्यातून यायची. तिकडच्या पाच-सहा बाया सकाळच्या पॅसेंजरने येत आणि संध्याकाळच्या गाडीने जात. रेखा अंगाने बारीक, कामाला सावकाश, पण तिच्या सुपात खडा राहत नसे. लग्नाला आठ वर्षं झालेली. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच गेलं. या वेळी पाचवा गेला, सहावा गेला, सातवा लागला. घरी सासू दुसरी सून आणायचं उघड बोलत होती. हे मूल टिकलं तर रेखा त्या घरात टिकणार, नाहीतर नाही, हे तिच्या गाडीतल्या बायांना माहीत होतं. मिलचं काम बसून होतं, म्हणून ती ते धरून होती.

सातव्यात बाईची ओटी भरतात. सासू म्हणाली, आधी पदरात पडू दे, मग ओटी बघू. रेखाला आई नव्हती. मग तिच्याच गावची निंबाबाई, आमच्यात सगळ्यात वयाची, तिने ठरवलं की मिलमध्येच ओटी भरायची, जेवणाच्या सुट्टीत, गोण्यांच्या मागे. बायांनी मिळून नारळ आणला, हिरवा खण आणला, हळदकुंकू आणलं. गहू निंबाबाईने आणायचे होते. पण सकाळी गाडीच्या घाईत गव्हाची पिशवी तिच्या चुलीपाशी राहून गेली. आता ओटी धान्याशिवाय कशी भरणार? मग बायांनी समोरच्या सुपातली डाळ घेतली. पाच जणींनी पाच ओंजळी. रेखाने ती नारळ-खणासकट पदरात घेऊन कमरेला खोचली. ओटी घरी नेऊन देवापुढे ठेवायची असते. मध्ये कुठे सोडायची नसते, सांडायची तर नाहीच.

यातलं मला कोणी काही सांगितलं नाही. झडतीवालीला कोण सांगणार?

त्या आठवड्यात शेठ कशावरून तरी मुनीमवर ओरडला होता, माल कमी भरतो म्हणून. त्यामुळे त्या दिवशी भोंगा झाल्यावर मुनीम माझ्या खोलीबाहेर येऊन उभा राहिला. खोली म्हणजे काय, गेटच्या भिंतीला लागून बारदानाचा पडदा. पडद्याच्या आत मी आणि एक बाई. बाहेर मुनीम, त्याच्यामागे रांग.

रेखा आत आली. कपाळावर कुंकू जास्त होतं ते मी पाहिलं. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी सवयीने पोटावर हात ठेवला आणि सवयीने मोठ्याने विचारलं, "किती किलो?"

माझ्या हाताखाली दाणे सरकले.

रेखा अगदी हळू म्हणाली, "अक्का, ती ओटी शे. सोडू नका."

मला त्याच क्षणी सगळं कळलं. नारळाची शेंडी हाताला लागली होती. खणाचा काठ दिसत होता. मला कळलं नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण दाण्यांचा आवाज पडद्याबाहेर गेला होता. मुनीम म्हणाला, "काय आहे गं अक्का?"

त्याला दोन मुली होत्या. त्याच्या घरी ओट्या भरल्या जात असणार. मी म्हणाले असते, नारळ आहे मुनीमजी, ओटीचा, तर कदाचित तो तिथेच पडद्याआड गप्प राहिला असता. कदाचित नसता. ते मला आजही माहीत नाही, कारण मी म्हणालेच नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की ही सुटली आणि कोणी बोललं तर उद्या माझ्या जागी दुसरी बाई असेल, आणि घरी खाटेवर माणूस आहे.

मी तिचा पदर सोडला. खाली लोखंडी घमेलं होतं, त्यात डाळ पडली. डाळ घमेल्यात पडताना बराच वेळ पडत राहते. रेखाने दोन्ही हात पोटाखाली धरले होते. डाळ झेलत होती की पोट, ते मला कळलं नाही.

मुनीमने पडदा सारला. घमेलं काट्यावर ठेवलं. साडेचारशे ग्रॅम भरली. रांगेतून निंबाबाई पुढे आली. "मुनीमजी, तिनी नही चोरी. आम्ही ओटी भरी तिनी. आम्हीच घातली."

"मग तूही जातेस का तिच्याबरोबर?"

निंबाबाई मागे सरली. तिच्या घरी चार तोंडं होती. मी गप्प होते. साठ बाया गप्प होत्या.

"उद्यापासून येऊ नको," मुनीम रेखाला म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. नारळही त्यानेच उचलून तिच्या हातात दिला. "देवाचा आहे, घेऊन जा." ती नारळ घेऊन गेटबाहेर पडली. खण घमेल्यात डाळीखाली राहिला होता. तो मला नंतर सापडला. ती डाळ हमालाने परत ढिगावर टाकली. गोण्यांत भरून कुठे गेली, कोणाच्या घरी शिजली, देव जाणे.

तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. बसून करायचं काम गेलं, तशी रेखा वेचणीला जायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापूस वेचताना पोटापुढे फडक्याची झोळी बांधतात. वेचत जाल तशी ती भरते आणि खाली ओढते. दिवसभर कमरेत वाकून. आठव्यातच तिला कळा आल्या.

मला निंबाबाईने सांगितलं. मी तिची झडती घेत होते. ती हात वर करून उभी होती आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "रेखाचं गेलं. पोऱ्या होता. दीड दिवस होता."

मी तिची कंबर चाचपली, डबा बघितला, आणि पुढची बाई घेतली.

लोक म्हणाले, भरली ओटी रिकामी केली म्हणून मूल गेलं. निंबाबाई तसंच म्हणते. मी तसं मानत नाही. मी म्हणते कापसाने गेलं. पण कापसाला तिला पाठवलं कोणी, हे मला कळतं. तेव्हा कसंही मोजलं तरी माझ्याकडेच येतं.

त्यानंतर मी कोणाला किती किलो विचारलं नाही. त्याने काही झालं नाही. बाकीचे विचारतच होते. चार-पाच वर्षांनी एक नवीन पोरगी लागली, तिला हे कुठून आलं ते ठाऊकही नव्हतं. ती दुसऱ्या एका गरोदर बाईला तेच म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली, की अक्कालाही मजा वाटेल. मी तिला ओरडले. ती म्हणाली, "व माय, एवढं काय झालं? सगळेच म्हणतात." बरोबर होतं तिचं.

रेखाला त्या घरातून काढलं नाही. नवऱ्याने ऐकलं नाही आईचं, एवढं बरं. तीन वर्षांनी निंबाबाई म्हणाली, तिला पुन्हा दिवस आहेत, सातवा आहे. मी एक दिवस खाडा केला. गहू घेतले, चाळून, निवडून. सव्वा किलो. नारळ घेतला. तो हिरवा खण मी धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला होता, तोही घेतला. पॅसेंजरने गेले आणि पुढे गावापर्यंत चालत गेले.

रेखा दारातच लसूण सोलत बसली होती. मला बघून उठली. एक हात जमिनीला टेकून उठली. बसा म्हणाली नाही, पण पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच प्यायले. मग मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, "तुझी ओटी भरायला आले."

तिने पिशवीत बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"कितला किलो शे, अक्का?"

ती हसली नव्हती. गहू सव्वा किलो होते.

तिने पिशवीत हात घातला आणि खण काढून घेतला. "हाऊ मना शे," म्हणाली. हा माझा आहे. मग पिशवी माझ्या हातात परत दिली. "बाकी ली जा. तुमना हातनी ओटी माले नको."

मी निघाले. ते गहू घरी आणले, दळले आणि खाल्ले. धान्य टाकत नाहीत. नारळ नवऱ्याने फोडला. कुठून आणला, विचारलं. मी सांगितलं नाही.

रेखाला मुलगी झाली. जगली. आता मोठी झाली असेल. मी तिला पाहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुनेची ओटी भरायची आहे. सून म्हणते, पहिली ओटी सासूची. मी सांगितलं, तुझ्या आईला बोलव, तिच्या हाताने घे. तिला वाईट वाटलं. दोनदा कारण विचारलं. तोंडाने मला ते सांगता येईना, म्हणून हे सगळं लिहून काढलं. छापून यायच्या आधी तिला वाचायला देणार आहे. ऑफिसात पुन्हा कोणी काही बोललं तर हसू नको, एवढं मात्र मी तोंडाने सांगितलं.

वाचून झाल्यावर ती काय म्हणेल ते म्हणो. ओटीचे गहू मी निवडून ठेवले आहेत. खडा एकही नाही.